काबूलचा फोन : मिनिटाचा दर आणि सौद्याचा भाव

मशीद बंदरात अंजीर, जर्दाळू आणि मनुकांची घाऊक विक्री करणारे व्यापारी, कच्चा हिंग आणून बांधानी हिंग तयार करणारे कारखानदार आणि चांदीच्या अंगठीत लाजवर्दचा खडा बसवणारे कारागीर, या तिघांचा धंदा वेगळा असला तरी एक गोष्ट सारखी आहे. यांचा पुष्कळसा माल अफगाणिस्तानातून येतो आणि सौदा फोनवर होतो. कंदहार किंवा मजार-ए-शरीफला वारंवार माणूस पाठवणे परवडत नाही. कागदपत्रे सावकाश येतात, भाव मात्र त्याच दिवशी ठरवावा लागतो. त्यामुळे फोनचे बिल हा या धंद्यात भाडे-हमालीसारखाच खर्च आहे. तो कायदेशीर मार्गाने कमी कसा करावा आणि स्वस्ताईच्या नादात कुठे फसू नये, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

दरांकडे वळण्यापूर्वी २०२५ सालच्या सप्टेंबरची आठवण करून देणे भाग आहे. त्या महिन्याच्या मध्यास तालिबान सरकारने ‘अनैतिकता रोखण्यासाठी’ असे कारण देऊन प्रथम बल्ख प्रांतात आणि पाठोपाठ आणखी काही प्रांतांत फायबर इंटरनेट तोडले. २९ सप्टेंबर रोजी सबंध देशाचे इंटरनेट गेले आणि त्याबरोबर मोबाइल फोनही मुके झाले. सुमारे ४८ तास बँकांची कामे अडली, काबूलची विमाने रद्द झाली. १ ऑक्टोबरला सेवा परत आली. आपल्याकडे दिवाळी जेमतेम तीन आठवड्यांवर होती आणि सुक्या मेव्याची मागणी ऐन भरात होती. माल निघाला की नाही, कोणत्या वाटेने निघाला, हे विचारायला त्या दोन दिवसांत मार्ग नव्हता.

वाटांचीही तीच गत होती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचा नाका बंद झाला. मे महिन्यात अडकलेल्या अफगाण मालाच्या १६० ट्रकांना खास परवानगी द्यावी लागली. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात चकमकी होऊन त्यांच्यामधील नाकी बंद पडली. मग माल इराणच्या बंदरातून आणायचा की विमानाने, हा निर्णय तासाभरात घ्यावा लागतो. अशा वेळी न लागलेला फोन हा महागड्या फोनपेक्षाही महाग पडतो.

काबूलचा फोन महाग का?

अमेरिकेला किंवा इंग्लंडला फोन स्वस्त आणि त्यांच्यापेक्षा किती तरी जवळ असलेल्या काबूलला महाग, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. फोनचा दर मैलांवर ठरत नाही. आपण येथून नंबर फिरवला की आपली कंपनी तो कॉल एका आंतरराष्ट्रीय वाहतूकदार कंपनीकडे सोपवते. ती कंपनी तो अफगाण कंपनीच्या दारात नेऊन देते आणि शेवटच्या ग्राहकापर्यंत पोहोचवल्याबद्दल अफगाण कंपनी मिनिटामागे आपले शुल्क घेते. अमेरिकेत हे शुल्क जवळपास नाहीच. गरीब देशांत मात्र बाहेरून येणारा कॉल हे परकीय चलन मिळवण्याचे साधन असते. त्यात डोंगरावरचा टॉवर डिझेलच्या जनरेटरवर चालवायचा खर्च आहेच.

दुसरे कारण भूगोलाचे. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक केबल येऊन मिळतात. अफगाणिस्तानला समुद्रच नाही. त्याचे सारे बाहेरचे बोलणे इराण, पाकिस्तान आणि उत्तरेकडील मध्य आशियाई शेजाऱ्यांच्या हद्दीतून जमिनीवरच्या तारांनी जाते. दाराची किल्ली नेहमी शेजाऱ्याकडे.

तरीही आजची स्थिती जुन्या काळापेक्षा कितीतरी बरी आहे. २००२ पूर्वी काबूलच्या सामान्य माणसाला देशाबाहेर फोन करायचा तर पेशावर किंवा क्वेट्टा गाठावे लागे. त्या वर्षी अफगाण वायरलेस ही पहिली मोबाइल कंपनी सुरू झाली, २००३ मध्ये रोशन आली आणि २००७ मध्ये एतिसलात. आपल्याकडेही १ एप्रिल २००२ पर्यंत परदेशी फोनची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. पिवळ्या पाटीच्या पीसीओत उभे राहून, भिंतीवरच्या मीटरचे लाल आकडे पळताना पाहत, मिनिटाला पन्नास रुपयांहून अधिक मोजून परदेशी बोलण्याचे दिवस आमच्या ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. त्या मीटरने आपल्याला एक चांगली सवय लावली होती. आधी कागदावर लिहायचे आणि मगच नंबर फिरवायचा. ती सवय सुटली, हे आम्हाला नुकसानच वाटते.

कोणता मार्ग कशासाठी?

सर्वांत स्वस्त मार्ग सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे व्हॉट्सअॅपसारख्या अॅपवरून अॅपवर बोलणे. मिनिटाचा आकार काही नाही, खर्च फक्त डेटाचा, तोही मिनिटाला साधारण अर्धा ते एक मेगाबाइट. अडचण समोरच्या टोकाला असते. शहराबाहेर गेले की अनेक ठिकाणी संथ टू-जी जोडणीच मिळते. तेथे थेट बोलणे तुटते, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि भाव ‘पंधरा’ की ‘पन्नास’ हे कळत नाही. अशा ठिकाणी थेट बोलण्याचा हट्ट धरू नये. आवाजी संदेश पाठवावा. जोडणी आली की तो आपोआप जातो, गेली की वाट पाहत थांबतो. समोरचा माणूस तो दोनदा ऐकू शकतो आणि आपल्याकडे तो पुरावा म्हणूनही राहतो.

दुसरा मार्ग इंटरनेटवरून थेट त्यांच्या फोनवर पैसे भरून बोलण्याचा. समोरच्याकडे इंटरनेट नसले तरी साध्या फोनची घंटी वाजते. भारतातून इंटरनेटद्वारे परदेशातील फोनवर बोलण्यास २००२ पासूनच परवानगी आहे, तेव्हा यात भिण्यासारखे काही नाही. अनेक व्यापाऱ्यांच्या आवडीची स्काइप सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. तिच्यासारख्या अन्य सेवा आहेत, पण पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. दर सेकंदावर आहे की पूर्ण मिनिटावर? फोन लागताच वेगळा आकार कापला जातो का? आणि भरलेली रक्कम किती दिवसांत संपवावी लागते? दर्शनी दर कमी ठेवून या तीन वाटांनी पैसे काढून घेण्याची रीत जुनी आहे. शिवाय एकाच देशात निरनिराळ्या कंपन्यांच्या नंबरांना निरनिराळे दर असू शकतात. म्हणून ‘अफगाणिस्तानचा दर काय’ असे न विचारता आपल्या आडत्याच्या नंबराचा दर काय, असे पाहावे.

तिसरा मार्ग थेट आयएसडीचा. तो महाग आहे, पण बंद करून टाकू नये. अॅप बंद पडले आणि साधा फोन चालू राहिला असे प्रसंग येतात. आपल्या मोबाइलवर ही सेवा चालू आहे की नाही, हे अडचणीच्या दिवसाआधीच कंपनीला विचारून घ्यावे. साधा एसएमएस हाही विसरलेला पण कामाचा मार्ग आहे, कारण अत्यंत क्षीण सिग्नलवरही तो जातो. रोमन लिपीत लिहिल्यास एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, उर्दूत किंवा देवनागरीत लिहिल्यास केवळ ७०. परदेशी एसएमएसला आकार पडतो, तेव्हा मालाचा आकडा आणि भाव रोमन लिपीतच पाठवणे किफायतशीर.

हिशेब करून पाहू. समजा आयएसडीचा दर मिनिटाला २० रुपये आहे आणि आपण महिन्यातले २५ दिवस रोज दहा मिनिटे बोलता. बिल झाले ५,००० रुपये. खुशाली, नमुन्याची चर्चा आणि घासाघीस आवाजी संदेशावर केली व फक्त शेवटचा भाव पक्का करायला तीन मिनिटे आयएसडी वापरला, तर तेच बिल १,५०० वर येते. यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

या वाटेने जाऊ नये

बाजारात कधीकधी कानात सांगितले जाते की अमुक एका दुकानातून काबूल, दुबई निम्म्या दरात लागते. यामागे बहुधा बेकायदा एक्स्चेंज असते. एका यंत्रात अनेक सिमकार्डे बसवून इंटरनेटने आलेला परदेशी कॉल स्थानिक कॉल म्हणून सोडायचा, असा हा प्रकार. दूरसंचार कायदा २०२३ नुसार परवानगीशिवाय अशी सेवा चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही तरतूद जून २०२४ पासून लागू आहे. आपल्या दुकानाचा पोटमाळा भाड्याने मागून ‘फक्त एक डबा ठेवायचा आहे, वीजबिल आम्ही भरू’ असे कोणी म्हणाले, तर बांधवांनी सावध व्हावे. काबूलचा आडत्या फोन करतो आणि आपल्या पडद्यावर भारतातला दहा आकडी नंबर दिसतो, हीदेखील अशाच एक्स्चेंजची खूण असू शकते. सरकारच्या संचार साथी या सेवेवर त्याची तक्रार करता येते.

उपग्रह फोनचेही तसेच. अफगाणिस्तानात एकेकाळी थुराया फोन व्यापाऱ्यांच्या हाती सर्रास दिसत. भारतात मात्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे वा वापरणे गुन्हा आहे. तिकडून येणाऱ्या पाहुण्याला हे आधीच कळवावे. आपल्या समाजाच्या माणसाकडे असे यंत्र सापडले तर चौकशी केवळ फोनच्या बिलापुरती राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

संपर्क तुटण्यापूर्वीची बोलणी

२०२५ च्या त्या दोन दिवसांत कोणताही स्वस्त दर कामाचा नव्हता. अशा वेळी कामाला येते ती आधी झालेली लेखी बोलणी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि तो आपण जाणतोच. त्याच वहीत आणखी चार ओळी लिहाव्यात असे आम्ही सुचवतो. दोन दिवस संपर्क झाला नाही तर माल थांबवायचा की पाठवायचा? ठरलेली वाट बंद झाली तर दुसरी कोणती आणि वाढीव भाडे कोणाच्या माथी? भाव किती दिवस कायम राहील? आणि दोघांच्या ओळखीचा, देशाबाहेर बसलेला तिसरा माणूस कोण? दुबईतील आडत्या किंवा इराणच्या बंदरातील माल चढवणारा एजंट असला तर उत्तम. त्याचा नंबर दोन्हीकडे असावा. माल कुठवर आला हे त्याला ट्रकवाल्याकडून कळण्याची शक्यता अधिक असते.

संपर्क पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काही तास विशेष जपावे. ‘जुना नंबर बंद आहे, पैसे या नव्या खात्यावर पाठवा’ असा संदेश आला तर जुन्या नंबरावर, ओळखीच्या आवाजात खात्री पटेपर्यंत एक रुपयाही हलवू नये. या एका फोनला मात्र दर बघू नये.

पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. फी आणि खर्चाचे बोलणे घरच्यांशी आधी करून, कोणत्या दिवशी कोणत्या वेळी कोण फोन उचलेल हे ठरवून ठेवले, तर संपर्क तुटला तरी निदान घबराट कमी होते. अशी मुले आपल्या मोहल्ल्यात राहत असतील तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आता नंबर फिरवण्याविषयी. अफगाण व्यापारी आपला मोबाइल नंबर शून्यापासून लिहितो. येथून फिरवताना ते शून्य गाळून ००९३ लावावे, पुढे नऊ आकडे आले पाहिजेत. ७० ने सुरू होणारा नंबर अफगाण वायरलेसचा, ७९ रोशनचा, ७८ एतिसलातचा. आडत्याकडे दोन कंपन्यांचे नंबर असतील तर दोन्ही घ्यावेत. एकाचा टॉवर बंद असला तर दुसऱ्याचा लागतो. काबूलचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे, म्हणजे आपल्या दहाला तिकडे नऊ वाजतात. शुक्रवारी तिकडे सुट्टी असते, म्हणून आठवड्याचा शेवटचा भाव बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी पक्का करावा.

आणि वजन किलोतच बोलावे. काबूलचा सेर सुमारे सात किलोंचा असतो, तर आपल्या आजोबांचा सेर एक किलोही भरत नव्हता. लाइन खरखरत असताना ‘शंभर सेर’ कानावर आले, तर ते नव्वद-पंच्याण्णव किलो समजायचे की सातशे, हे फोन ठेवण्यापूर्वी विचारून घ्यावे.