सीताफळाचें थरांचें पक्वान्न

गोंदिया जिल्ह्यांत पावसाळा सरतां सीताफळें पिकूं लागतात; पिकलेलें फळ दोन-तीन दिवसांत नासतें. तें वायां न घालवितां घरचीं अंडीं व मलई घेऊन विलायती धर्तीचें थरांचें पक्वान्न करावें.

४ अंड्यांतील पांढरें कोरड्या भांड्यांत घुसळावें. पिवळ्याचा वा तुपाचा अंश राहिल्यास फेस फुगत नाहीं. २०० ग्रॅम पिठीसाखर हळूहळू घालून ताठ झालेल्या फेसाच्या चकत्या विजेच्या भट्टींत १०० अंश सेल्सिअसवर दीड तास वाळवाव्या, हें मेरिंग.

सीताफळाचा गर तापविल्यास कडवटतो. यास्तव विषारी बिया न चिरडतां काढून, तो थंड मलईच्या फेसांत मिसळावा. मलई घुसळतांना लोणी येण्यापूर्वींच थांबावें. हें मूस.

ओलाव्यानें मेरिंग मऊ पडतें; म्हणून थर वाढण्याच्या वेळींच रचावे.