सर्पविषावर घोड्याच्या रक्तातील उतारा

वसई तालुक्यातील चिंचोटी हे गाव तुंगारेश्वरच्या डोंगररानालगत वसलेले आहे. पावसाळा लागला की खाचरांत भाताची आवणी सुरू होते, बांधावर गवत माजते, बिळांत पाणी शिरते आणि साप बाहेर पडतात. अशा वेळी अनवाणी राबणाऱ्यास सर्पदंशाचा धोका अधिक असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेक खेड्यांतील होती.

सर्पविष हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यांतील कित्येक प्रथिने विकरे, म्हणजेच एन्झाइमे, असतात. घोणशीच्या विषातील विकरे रक्त गोठविणारे घटक संपवून टाकतात. मग रक्तस्राव थांबत नाही. मण्यारीच्या विषातील विकर मज्जातंतूंच्या टोकांची हानी करते. त्यामुळे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात.

यावरील उतारा घोड्याच्या रक्तात तयार होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अल्प प्रमाणात, क्रमाक्रमाने वाढवीत घोड्यास टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी नाना प्रकारची प्रतिद्रव्ये निर्माण करते. ती रक्तातून वेगळी काढून व शुद्ध करून प्रतिविष बनवितात. एखाद्या नमुन्यात विशिष्ट विकर आहे की नाही, हे प्रयोगशाळेत ओळखण्यासाठीही ससा किंवा शेळी यांच्या रक्तातून अशीच मिश्र प्रतिद्रव्ये मिळवितात.

मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचा उगम १८९९ मधील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे नाव तिला १९२५ मध्ये देण्यात आले. लस व औषधे बनविण्यासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र महामंडळ निघाले. त्याच्या पिंपरी येथील केंद्रात घोडे पाळून प्रतिविषाचे काम करण्यात आले.

प्रतिद्रव्य विषाला धरून निष्प्रभ करते. परंतु विषाने आधीच केलेली हानी ते भरून काढू शकत नाही. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या जिवावर बेततो. घोड्याचे प्रथिन काही रोग्यांना सोसत नाही. यास्तव प्रतिविष शिरेवाटे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच द्यावे लागते.

दंश होताच रोग्यास धीर द्यावा, निजवावे व दंश झालेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या, पैंजण काढावेत. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये, साप पकडण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मण्यार रात्री निजलेल्या माणसास चावते व खूण क्वचितच दिसते. म्हणून पहाटे अकस्मात पोटात दुखून पापण्या जड झाल्यास सर्पदंशाची शंका घ्यावी.

शेतकऱ्यांनी शेतात गमबूट घालावेत, रात्री विजेरी वापरावी आणि मच्छरदाणीत निजावे. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, याची चौकशी ग्रामसेवकांनी आवणीपूर्वीच करून ती माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावी.