भिंतीवरची फुलं आणि कोपऱ्यातली सही



दिवाळीआधी आपण भिंतींना रंग देतो आणि त्यावर दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर टांगतो. यंदा आमच्या गटाच्या खोलीत आम्ही फुलदाणीचं एक जुनं चित्र लावलं. बैठकीला आलेल्या एका मावशींनी विचारलं, "कुणी काढलंय गं हे?" मी म्हटलं, "एका बाईनं. दहा लेकरांच्या आईनं."

त्यांचं नाव राखेल राउस. जन्म १६६४ सालचा, नेदरलँड्स देशातला. वडील वनस्पतींचे अभ्यासक. पंधराव्या वर्षी त्या एका चित्रकाराकडे शिकायला लागल्या. पुढे लग्न झालं, मुलं झाली, पण ब्रश सुटला नाही.

त्या काळच्या अशा चित्रांत एक गंमत असते. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत दिसतात. जसा आपला उन्हाळ्यातला मोगरा आणि थंडीतली शेवंती एकत्र! एकेका फुलाचा नीट अभ्यास करून ती चित्रात एकत्र आणलेली असतात. नीट बघा, एखादं फूल मान टाकतंय, पानावर किडा बसलाय. बहर थोड्या दिवसांचा, हेही त्यात सांगितलंय.

असं चित्र महाग नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या वेबसाइटवरून अशी कितीतरी जुनी चित्रं मोफत उतरवून घेता येतात. मुलांना मोबाइलवर शोधायला सांगा. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत जाड, चमक नसलेल्या कागदावर छापून घ्या आणि काचेची फ्रेम करा.

लावताना एवढं पाहा. चुलीचा धूर, थेट ऊन आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. गडद चित्र चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर उठून दिसतं. घरात सगळे खाली बसत असतील, तर चित्र थोडं खाली लावा. काचेवर पाणी मारू नका, कोरड्या फडक्याने पुसा.

राखेलबाईंनी वयाच्या ८३ व्या वर्षापर्यंत चित्रं काढली. म्हातारपणी तर त्या सहीसोबत आपलं वयही लिहीत. हे ऐकून त्या मावशी गप्प झाल्या. गटाच्या वहीत अंगठ्याऐवजी सही करायला त्या साठीत शिकल्या. पुढच्या बैठकीला त्यांनी शिवलेली गोधडी आणली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने नाव होतं, आणि शेजारी वय.

मैत्रिणींनो, आपल्या हातच्या कामावर आपलंही नाव असू द्या.