तिसऱ्या दिवसाचं पाणी

पहाटे 5:30
उरुळी कांचन. पुणे-सोलापूर रस्ता सोडून आत गेलं की हा गोठा लागतो. मार्च लागला तरी या वेळेला अंगावर शाल लागते. झाडांसाठी जीवामृत करून विकणाऱ्या ताई बादली घेऊन गाईच्या मागे उभ्या आहेत. गाय अजून बसलेली. ती उठली की आधी पाठ ताणते, मग शेपूट उचलते, आणि त्यानंतर जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात बादली जागेवर हवी. हुकलं तर सगळं जमिनीवर जातं आणि पुढची गाय गाठावी लागते.

चार गाईंचं मिळून आठ लिटर गोमूत्र झालं. लिटरला 15 प्रमाणे 120 रुपये. रात्रीच्या ताज्या शेणाची पाटी भरली, साधारण 10 किलो, 30 रुपये. गाई गीर आणि खिल्लार. शेण देशी गाईचंच हवं, हा अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांचा आग्रह. जीवामृताची कृती गावोगाव पोचली ती त्यांच्यामुळे. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. उरुळी कांचनला गाईंचा विषय तसा जुनाच. मणिभाई देसाईंनी 'बाएफ' ही संस्था 1967 साली इथेच सुरू केली.

"वहिनी, सोमवारी उजाडायच्या आत या," मालक म्हणतात. "नंतर मी वासरू घेऊन दवाखान्यात जाणार."

ताई सोमवारी आणि गुरुवारी येतात. आज गुरुवार. सोमवारी भरलेला जीवामृताचा ड्रम आज निघणार, आज भरलेला रविवारी. रविवारी शहरातली माणसं रोपं घ्यायला येतात, त्या हिशेबानं हे वार ठरले आहेत.

सकाळी 6:40
ताई ज्या नर्सरीची जागा वापरतात तिच्या मागच्या बाजूला, हिरव्या शेडनेटखाली तीन निळे ड्रम. प्रत्येकी 200 लिटरचा. ड्रम घेताना ताईंनी एक गोष्ट पाहिली होती: आत आधी काय होतं. आंब्याच्या पल्पचे ड्रम मिळाले, 1200 रुपयांना एक. रसायनाचे 700 ला मिळत होते. ते घेतले नाहीत. जे वाढवायचं तेच मरत असेल, तर 500 रुपये वाचवून काय करायचं?

पाइपनं बोअरचं पाणी सुरू होतं. ड्रम काठोकाठ भरायचा नाही. 180 लिटरवर थांबायचं, वर फेसाला जागा लागते. भरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तोवर गूळ फोडायचा. 2 किलो काळा गूळ, 55 रुपये किलोचा. पिवळाधमक, पावडर मारलेला गूळ चालत नाही. डाळीचं पीठ 2 किलो. दुकानातलं बेसन परवडत नाही, म्हणून ताई हरभऱ्याची चुणी आणून गिरणीतून बारीक करून घेतात. 45 रुपये किलो पडते.

सकाळी 7:15
शेण हातानं फोडायचं. काठीनं होत नाही, गोळे राहतात. ताई बाह्या वर करतात आणि कोपरापर्यंत हात घालतात. बादलीभर पाण्यात शेण कालवून पातळ झालं की ड्रममध्ये. मग गोमूत्र. मग विरघळवलेला गूळ. पीठ सगळ्यात शेवटी. ते आधी थोड्या पाण्यात चांगलं भिजवायचं, गुठळी मोडायची. गुठळी तशीच गेली तर तळाशी बसते आणि तिथेच कुजते.

शेवटी मूठभर माती. बांधावरच्या जुन्या वडाखालची. तिथे कधी फवारणी झालेली नाही, ट्रॅक्टर फिरलेला नाही. एवढ्या मोठ्या ड्रमात ही मूठ दिसतही नाही, पण काम तिचंच आहे. माती म्हणजे इथलं विरजण. शेणातले आणि मातीतले जीव गुळावर आणि पिठावर जगतात, वाढतात. गूळ म्हणजे ताकद, पीठ म्हणजे प्रथिन. याला खत म्हणणं बरोबर नाही. नत्र, स्फुरद, पालाश यात मोजायला गेलं तर फार थोडं निघेल. कुंडीत आधीच पडलेला पालापाचोळा आणि शेणखत मुळांना खाता येईल असं करून देणारी ही फौज आहे. मातीत काहीच नसेल तर ती उपाशी राहील. ताई हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. विक्री कमी होईल याची पर्वा न करता सांगतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

लांब काठीनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळायचं, दोन-तीन मिनिटं. मग ड्रमवर ओलं गोणपाट. झाकण घट्ट लावायचं नाही.

सकाळी 8:30
चहा, कालची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दिराचा मुलगा सायकलवर येतो. बारावी झालाय, दुपारी कॉलेज. अर्ध्या दिवसाचे 250 रुपये घेतो.

सकाळी 9:00
सोमवारचा ड्रम. गोणपाट काढलं की ताई आधी वाकून वास घेतात. आंबूस, गोडसर, ओल्या मातीचा वास आला तर माल चांगला. गटारासारखा आला तर तो ड्रम झाडांना जात नाही. वर बारीक फेस आहे, कडेला बुडबुडे फुटताहेत. काठी फिरवली की हलकी सळसळ ऐकू येते.

थंडीत याला चौथा-पाचवा दिवस लागतो. आता उन्हाळा तोंडावर आहे, तिसऱ्या दिवशी तयार. पुढे आठवडाभर जोर टिकतो, मग गूळ संपतो आणि जीव मरायला लागतात. या सगळ्या धंद्याची अडचण हीच आहे. माल साठवता येत नाही. आठवड्यात झाडाच्या मुळाशी पोचला पाहिजे.

सकाळी 9:40
गाळायचं काम. हे सगळ्यात जड. 180 लिटर भरलेला ड्रम कलता होत नाही, म्हणून सगळं मगानं काढायचं. रिकाम्या ड्रमच्या तोंडावर आधी प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा. मग भरला, ओतला, थांबला. कापड तुंबतं. चारही टोकं धरून हलवायचं, गाळ झटकायचा, परत अंथरायचं. मुलगा ओततो, ताई कापड सांभाळतात. तासाभरात दोघांच्या कमरेचं काम होतं. गाळ टाकून देत नाहीत, तो गांडुळांच्या वाफ्यात जातो.

मग बाटल्या. भंगारवाल्याकडून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, 2 रुपयाला एक, गरम पाण्यानं धुतलेल्या. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. आणि झाकण लावायच्या आधी त्याला दाभणानं भोक पाडायचं. मुलगा मांडीवर फळी घेतो, त्यावर झाकण उलटं ठेवतो, दाभण टेकवतो आणि तळहातानं दाबतो. टक्. पुढचं झाकण. भोक नसेल तर आत वायू साठतो आणि बाटली टरारून फुगते. भोक आहे म्हणून बाटली आडवी ठेवता येत नाही, कुरिअरनं जात नाही, दुकानदार फळीवर ठेवायला तयार होत नाही. उभ्या बाटल्यांचा क्रेट टेम्पोनंच जातो. पुण्यातल्या दोन नर्सऱ्यांकडे, एका खेपेचे 150 रुपये.

आज 60 बाटल्या. नर्सरीच्या झाडांचे 80 लिटर वेगळे. ते जागेचं भाडं. पैशात भाडं ताई देत नाहीत, दर ड्रममागे 80 लिटर देतात. उरलेले 40 लिटर रविवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ ढवळत ठेवायचे.

सकाळी 11:10
वीज गेली. गुरुवार म्हणजे देखभालीचा वार, हे ठाऊक होतंच. तरी ताईंचा चेहरा उतरतो, कारण कोपऱ्यातल्या बादलीतला पंप बंद पडला.

बादली 20 लिटरची. तिच्यात गांडूळखताची पुरचुंडी लोंबते आहे, धोतराच्या कापडात बांधलेली, अर्धा किलोची. दोन चमचे काकवी. आणि माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप, 350 रुपयांचा. हा कंपोस्टचा चहा. कालच्या दुपारी 4 ला लावला, आज 4 ला उतरवायचा. जीवामृत हवेशिवाय तग धरतं, या चहाचं तसं नाही. काकवीवर जीव झपाट्यानं वाढतात, पाण्यातला प्राणवायू तेवढ्याच वेगानं संपवतात. हवा थांबली की थोड्या वेळात नको ते जीव वर येतात आणि पाणी घाण मारायला लागतं.

ताई मग घेऊन बसतात. मग भरायचा, हातभर वर न्यायचा, उंचावरून धार सोडायची. वीस-पंचवीस वेळा. पाच मिनिटं थांबायचं. परत. मुलाची पाळी, परत ताईंची. मधल्या वेळात झाकणांना भोकं. 12:50 ला वीज येते आणि पंप गुरगुरायला लागतो. ताई वास घेतात. "वाचलं," म्हणतात.

दुपारी 1:15
डबा. मेथी, भाकरी, कांदा. मुलगा कॉलेजला जातो. ताई अर्धा तास पाठ टेकतात.

दुपारी 2:30
गांडुळांचा ड्रम. तळाला खडी, वर वाळू, वर माती, शेण आणि पाला. वर टांगलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी पडतं, वाफ्यातून झिरपतं आणि खालच्या नळातून काळ्या चहाच्या रंगाचं बाहेर येतं. हे गांडूळपाणी. दिवसाला दोन-तीन लिटर. दहापट पाण्यात मिसळून फवारायला चांगलं. ताई नळाखालची बरणी बदलतात आणि मडकं भरतात.

दुपारी 4:00
कंपोस्टचा चहा उतरला. तासा-दोन तासांत गुलाबाच्या वाफ्यावर संपवायचा. तेवढ्यात एक निवृत्त गृहस्थ येतात, हातात कढीपत्त्याची पिवळी डहाळी.

"ताई, दर आठवड्याला ताक घालतो, तरी पिवळा पडतोय."

ताई डहाळी उजेडात धरतात. "काका, खालची जुनी पानं पिवळी आहेत का शेंड्याची?"

"शेंड्याची. शिरा हिरव्या आहेत."

"मग लोह कमी पडतंय. जुनी पिवळी असती तर नत्र म्हटलं असतं. याला माझी बाटली पुरी पडणार नाही. आधी कुंडीचं पाणी निचरतंय का बघा, मुळं घुसमटली तरी असंच होतं."

काका तरी बाटली मागतात. घरी करता येईल का, तेही विचारतात. ताई सांगतात, लहान मापात करा. हे माप कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचं: 10 लिटर पाणी, 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळून. याला अमृतजल म्हणतात. यातच पाला भिजवून मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर भाजीची बाग उभी राहिली. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या. बादलीवर कापड बांधा, नाहीतर डास होतील. एक मग पाण्याला दहा मग साधं पाणी. आणि पालक-कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडायचं नाही, मातीतच ओतायचं. शेणाचं पाणी आहे, पानं आपण कच्ची खातो.

"केळ्याची सालं भिजवून ठेवलीत," काका म्हणतात.

"ती चिरून मातीत पुरा. पाण्यात नुसती चिलटं होतात."

सकाळपासून एवढं सलग बोलायला ताईंना आत्ताच वेळ मिळाला.

संध्याकाळी 5:45
उन्हं उतरली. तापलेल्या मातीत हे पाणी घालायचं नाही, म्हणून आत्ता. नर्सरीतली दोन माणसं झाऱ्या घेऊन येतात. 10 लिटरच्या झारीत 1 लिटर जीवामृत, बाकी पाणी. मोगरा, लिंबू, जास्वंद. आधी साध्या पाण्यानं माती ओली केलेली असते, कोरड्या मातीत ते वरच्यावर वाहून जातं. 80 लिटर म्हणजे 80 झाऱ्या. सगळ्या ताई भरून देतात.

संध्याकाळी 7:10
सकाळच्या ड्रमचं दिवसातलं शेवटचं ढवळणं. पिठाचा वास अजून वेगळा येतो, उद्या तो मिसळेल. साडीचं कापड धुऊन तारेवर. नखातलं शेण कडुलिंबाच्या काडीनं काढायचं.

संध्याकाळी 7:30
वही. शहरातून टेम्पोवाला गेल्या खेपेचा हिशेब घेऊन आलाय. 60 पैकी 49 बाटल्या विकल्या गेल्या. गिऱ्हाईक 40 देतं, ताईंना 30 मिळतात. 1470 रुपये. 11 परत आल्या, त्यांची मुदत संपली, त्या उद्या कडेच्या नारळांना.

वजा शेण आणि गोमूत्र 150, गूळ 110, चुणी 90. बाटल्या 120. मुलगा 250. टेम्पो 150. उरले 600. त्यात पहाटे साडेपाचपासूनचे हात आहेत, आणि सोमवारपासूनची रोजची ढवळणी.

फोन वाजतो. पुण्यातल्या नर्सरीचे मालक. बाटली 45 ला करूया, लोक घेतात, म्हणताहेत.

"करा की," ताई म्हणतात. "वरचे पाच कुणाचे?"

पलीकडून दोन असं उत्तर येतं.

"गूळ मागच्या महिन्यात 48 नं आणला होता मी, आता 55 चाललाय. चार लावा."

तीनवर येतं. ताई वहीच्या पुढच्या पानावर वर तारीख घालतात, खाली '33 प्रमाणे' लिहितात आणि विचारतात, "रविवारी किती पाठवू?"