सॉफ्टवेअरच्या प्लॅटफॉर्मची निवड : नवोद्योग आणि मोठे उद्योग

सोलापुरी चादरीवरील नक्षी जेकार्ड मागावर उमटते. पारंपरिक जेकार्डात ही नक्षी छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या माळेत साठविलेली असते आणि त्या छिद्रांनुसार उभे धागे उचलले जातात. एका अंतराने छिद्रे पाडलेली कार्डे निराळ्या अंतराच्या यंत्रावर चालत नाहीत. यंत्र बदलावयाचे झाल्यास कार्डे नव्याने कापून घ्यावी लागतात. म्हणजेच यंत्र घेणारा कारखानदार पुढे जमणारा आपला नक्ष्यांचा संग्रहही त्या यंत्राशी बांधून घेत असतो.

सॉफ्टवेअर घडविणाऱ्या उद्योगापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. आज्ञावली लिहिण्याची भाषा, तीस लागणारी साधने आणि ती जेथे चालावयाची ते संगणक यांच्या संचास प्लॅटफॉर्म म्हणतात.

नवोद्योगाजवळ भांडवल थोडे आणि माणसे मोजकी असतात. माल खपेल की नाही, हेही निश्चित नसते. साहजिकच तो आरंभीचा खर्च व वेळ पाहतो. संगणक विकत न घेता भाड्याने घेणे आणि आपल्या माणसांस अवगत असलेली भाषा निवडणे त्यास सोयीचे पडते.

मोठ्या उद्योगाची दृष्टी निराळी असते. त्याच्याजवळ अनेक वर्षांची माहिती व जुन्या आज्ञावली असतात. १९५९ साली जन्मलेली कोबोल भाषा काही बँकांत अद्याप वापरात आहे, ती याच कारणाने. शिवाय कायद्याचे बंधन असते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला, तेव्हा संगणक कोणत्या देशात आहेत हा प्रश्न वित्तसंस्थांस टाळता येईना. म्हणून सुरक्षितता, हिशेबतपासणी आणि दीर्घकालीन साहाय्य यांसाठी मोठा उद्योग अधिक पैसा मोजतो.

तथापि सोडून जाण्याचा खर्च लहानासही चुकत नाही. फेसबुकच्या मालकीची पार्स ही सेवा अनेक नवोद्योगांनी मोबाइलवरील आज्ञावलींसाठी स्वीकारली होती. ती बंद होणार असल्याचे जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाले आणि स्थलांतरासाठी सुमारे एक वर्ष मिळाले. तिचा गाभा खुला केला गेल्यामुळे तो स्वतःच्या संगणकावर चालविणे शक्य झाले. परंतु ते श्रम ज्याचे त्यासच करावे लागले. व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगितले. २०१५ मध्ये त्याचे साहाय्यही संपले. त्यावरील आज्ञावली लगेच बंद पडल्या नाहीत. मात्र त्यांच्या सुरक्षिततेचा भार वापरणाऱ्यांवर आला.

सोलापुरासारख्या शहरात दोन-चार तरुणांनी काढलेल्या संस्थेस असे स्थलांतर अकस्मात करावे लागल्यास तिची पुंजी त्यातच संपण्याचा संभव असतो. तिने मोठ्या उद्योगाचे अनुकरण करावे असे नाही. स्वस्त व परिचित साधनांनी आरंभ करणेच तिला हितावह होय. मात्र माहिती पोस्टग्रेससारख्या खुल्या व्यवस्थेत ठेवावी, एकाच विक्रेत्याकडे मिळणाऱ्या सोयींचा वापर आज्ञावलीच्या वेगळ्या भागात राखावा आणि सर्व माहिती बाहेर काढून अन्यत्र चालविण्याचा प्रयोग प्रारंभीच एकदा करून पाहावा. संग्रह लहान असताना ह्या प्रयोगास लागणारे श्रम अल्प असतात. पुढे ते संग्रहाबरोबर वाढत जातात.