पाण्यातून निघालेली दप्तरे

आमचे आबा होळकर दरबारच्या फडणिशीत कारकून होते. मोडी अक्षर वळणदार, नजर तीक्ष्ण आणि पगार बेताचा. संस्थान विलीन झाले, फडणिशी गेली, पण आबांची सवय गेली नाही. दिवाळीच्या फराळाचा हिशेबसुद्धा ते रुमालात बांधून ठेवीत. एकदा आजीने चिडून जुने रुमाल बंबात घालायला काढले. तेव्हा आबा झोपाळ्यावरून न उठताच म्हणाले, ''असलेला कागद खोटा असू शकतो. पण कोणी मुद्दाम नाहीसा केलेला कागद बहुधा खराच असतो.'' आजीला त्याचा अर्थ कितपत पटला कोण जाणे. तिने रुमाल परत कपाटात ठेवले, एवढे मात्र खरे.

आबांचे ते वाक्य मला इतक्या वर्षांनी आठवले ते युक्रेन देशाची हकीकत वाचताना. त्या देशाचे नाव हल्ली आपण ऐकतो ते युद्धाच्या बातम्यांत. पण युद्धाच्या कितीतरी आधीपासून तेथे दुसरी एक झुंज चालू आहे, आणि ती आपल्यासारख्या दरबारी कागदपत्रांच्या सावलीत वाढलेल्या घराण्यांना चटकन कळावी अशी आहे. राज्य करणाऱ्याचा जमाखर्च कोणी तपासायचा, हा तिचा विषय.

१९९१ साली सोव्हिएत संघराज्य मोडले आणि युक्रेन स्वतंत्र झाला. सरकारी कारखाने आणि खाणी खाजगी हातांत गेल्या, आणि ज्यांच्या पदरात त्या पडल्या ते मूठभर लोक बघता बघता गडगंज झाले. या धनिकांनी मग दूरचित्रवाणीची केंद्रे ताब्यात घेतली. बातम्यांच्या धंद्यात फार पैसा होता म्हणून नव्हे. सत्ताधाऱ्यांची मर्जी राखली की कारखाने सुरक्षित राहतात म्हणून. पूर्वी बातमीवर कात्री चालवायला सरकारी अधिकारी बसत असे. आता ते काम मालकच आपखुशीने करू लागला.

अशा काळात, एप्रिल २००० मध्ये, ग्योर्गी गोंगाद्झे नावाच्या एका तरुण पत्रकाराने ओलेना प्रितुला या सहकारी बाईंबरोबर एक पत्र काढले. नाव 'उक्रायिन्स्का प्राव्दा', म्हणजे युक्रेनचे सत्य. छापखाना आणि कागद परवडणारा नव्हता, आणि असता तरी कोणी छापून दिले असते असे नाही. म्हणून ते इंटरनेटवर निघाले. गोंगाद्झे याचा जन्म तिबिलिसीचा, बाप जॉर्जियन, आई लेस्या युक्रेनियन. राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांच्या भोवतालच्या माणसांचे व्यवहार तो नावानिशी लिहू लागला. त्या उन्हाळ्यात आपल्यावर पाळत आहे अशी उघड तक्रारही त्याने देशाच्या मुख्य सरकारी वकिलांकडे लेखी केली. १६ सप्टेंबर २००० च्या रात्री तो घरी जायला निघाला. घरी बायको आणि दोन लहानग्या जुळ्या मुली वाट पाहत होत्या. तो पोहोचलाच नाही. नोव्हेंबरच्या आरंभी कीव्हपासून दूर, ताराश्चा गावाजवळच्या जंगलात एक प्रेत सापडले. त्याला शिर नव्हते. गोंगाद्झेचे वय एकतीस होते.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला विरोधी पक्षाचे पुढारी ओलेक्सांद्र मोरोझ यांनी भर संसदेत एक ध्वनिमुद्रण जाहीर केले. राष्ट्राध्यक्षांच्याच रक्षकदलातील मिकोला मेल्निचेन्को याने त्यांच्या कचेरीत ते चोरून केले होते. कुचमांच्या आवाजासारखा एक आवाज गोंगाद्झेचा काटा काढण्याविषयी त्यात बोलत होता. कुचमांनी हा आरोप साफ नाकारला आणि पुढेही सतत नाकारला. लोक मात्र थंडीवाऱ्यात रस्त्यावर उतरले.

येथे आपल्यापैकी अनेकांना १८८२ चे कोल्हापूर प्रकरण आठवेल. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. आधाराला घेतलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली, आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. हेतू शुद्ध, पण कागद खोटा. पत्रकाराचे धैर्य कितीही मोठे असो, पुरावा डळमळीत असला की बलवान माणूस निसटतो. युक्रेनमध्येही तसेच घडले. खून करणाऱ्या तीन पोलिसांना २००८ मध्ये शिक्षा झाल्या. त्यांचा वरिष्ठ, जनरल ओलेक्सी पुकाच, याला २०१३ मध्ये जन्मठेप झाली. माजी गृहमंत्री युरी क्राव्चेन्को ज्या दिवशी जबानी देणार होते त्याच दिवशी, ४ मार्च २००५ रोजी, मरून पडलेले आढळले. डोक्यात दोन गोळ्या होत्या. सरकारी निष्कर्ष आत्महत्येचा निघाला. २०११ मध्ये खुद्द कुचमांवर आरोप ठेवला गेला, पण चोरून केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालत नाही असे ठरून तो वर्षअखेरीस बारगळला. हुकूम कोणी दिला, याचा निकाल कोणत्याही न्यायालयात लागलेला नाही.

पण कागदाची गोष्ट पुढे आहे. कुचमांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीच्या संपादकांकडे काही टिपणे येत असत. त्यांना 'तेम्निकी' म्हणत. कोणती बातमी द्यावी, कोणती वगळावी, कोणती कोणत्या सुरात सांगावी, हे त्यांत लिहिलेले असे. वर कचेरीचे नाव नाही, खाली सही नाही. आबांच्या भाषेत बोलायचे तर बिनशिक्क्याचे फर्मान! आणि तरी ते पाळले जाई, कारण पाठवणारा कोण हे सगळ्यांनाच ठाऊक होते. २००४ च्या निवडणुकीत गैरप्रकार झाले, तेव्हा सरकारी केंद्रावरही तीच मुकाट बातमी चालू होती. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी ती बातमी हातांच्या खुणांनी सांगण्याचे काम नतालिया द्मित्रुक या बाईंकडे होते. २५ नोव्हेंबरला त्यांनी निवेदिकेचे बोलणे बाजूला ठेवले आणि खुणांनी सांगितले की जाहीर झालेला निकाल खोटा आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. कान असलेल्यांना त्या दिवशी खोटे ऐकू आले, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना खरे कळले. पुढे तेथील पत्रकारांनीही सांगितलेले वाचण्यास नकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती फेरी रद्द ठरवली.

त्या फेरीचे जाहीर विजेते होते व्हिक्टर यानुकोविच. २०१० मध्ये ते रीतसर निवडून राष्ट्राध्यक्ष झाले. कीव्हच्या उत्तरेला मोठ्या जलाशयाच्या काठी मेझिहिर्या नावाची जागा आहे. तेथे पूर्वी एक जुना मठ होता, मग सोव्हिएत पुढाऱ्यांचे निवासस्थान झाले. ही सुमारे १४० हेक्टरांची मिळकत उंच कुंपणाआड गेली. आपले तेथे एक घर तेवढे आहे, बाकीच्याशी संबंध नाही, असे यानुकोविच म्हणत. 'उक्रायिन्स्का प्राव्दा'चे सेर्ही लेश्चेन्को वर्षानुवर्षे या मिळकतीचा माग काढीत होते. मालकीचा धागा एका कंपनीतून दुसरीत, व्हिएन्ना, लंडन, लिश्टेनश्टाईन असा हिंडत जाई. याच विषयाचा पिच्छा पुरवणाऱ्या तेत्याना चोर्नोव्होल या पत्रकार बाईंना डिसेंबर २०१३ मध्ये रात्रीच्या वेळी मोटारीतून ओढून काढून बेदम मारहाण झाली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये राजधानीतल्या चौकात गोळ्या चालल्या, कित्येक माणसे मेली, आणि यानुकोविच एका रात्रीत पळून गेले. दुसऱ्या दिवशी लोक मेझिहिर्यात शिरले. सोन्याचा मुलामा, खाजगी प्राणिसंग्रह, शहामृग, हे सारे जगाने पाहिले. पण मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते पाण्यावर तरंगणारे कागद. पळणाऱ्यांनी दप्तरे जलाशयात लोटून दिली होती, आणि ती नीट बुडाली नव्हती. पाणबुडे उतरले. सुमारे दोनशे फाइली वर आल्या. एरवी एकमेकांच्या बातम्या पळवणारे निरनिराळ्या पत्रांचे पत्रकार तेथे एकत्र राहिले. यानुकोविच यांच्याच वाफेच्या स्नानगृहात त्यांनी एकेक पान पसरून वाळवले, त्याचे छायाचित्र घेतले आणि सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध केले. बांधकामाची बिले होती, रोख रकमांच्या पावत्या होत्या, पत्रकारांवर ठेवलेल्या पाळतीचे कागदही होते.

कारभार चोरीचा असला तरी त्याची पावती फाडावीच लागते, ही गंमत आबांना ठाऊक असणार. सुताराला, गवंड्याला, माळ्याला पैसे द्यायचे म्हणजे कोणी तरी कारकून हिशेब ठेवणारच. चोरीत एकमेकांवर विश्वास नसतो, म्हणून तेथे कागद अधिकच काटेकोर असतो. वर्तमानपत्र स्वतंत्र असेल तर तो कागद कधीतरी वाचला जातो. नसेल तर तो पाण्यात जातो, आणि त्याबरोबर लोकांचा पैसाही.

येथे कोणी म्हणेल की हे झाले पळून गेलेल्या राज्यकर्त्याचे. देश युद्धात असताना आपल्याच सरकारची चूक छापावी का? हा प्रश्न मला अवघड वाटतो, आणि तो युक्रेनपुढे खरोखरच आला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने मोठे आक्रमण केले. मोठ्या वाहिन्यांच्या बातम्या एकत्र होऊन एकच कार्यक्रम लागू लागला. शत्रू दाराशी असताना घरातली भांडणे नकोत, ही भावना स्वाभाविकच होती. अशा वेळी २१ जानेवारी २०२३ रोजी युरी निकोलोव्ह या पत्रकाराने सैन्याच्या शिध्याच्या कराराचे दर छापले. कीव्हच्या दुकानात साधारण ७ रिव्निया असलेले अंडे संरक्षण खाते १७ रिव्नियांना घेत होते. खात्याने आधी हात झटकले, लिहिण्यात तांत्रिक चूक झाली असे सांगितले. पण तीन दिवसांत उपमंत्री पायउतार झाले, सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्रीही बदलले. आमच्या घरात अंडे कधी शिरले नाही. पण सातच्या जागी सतरा लिहिलेले आबांना चष्म्यावाचून दिसले असते.

मला वाटते, निकोलोव्हने सैन्याशी बेइमानी केली नाही. जो खंदकात उपाशी बसतो त्याची बाजू घेतली. पण हे सर्वांना पटले असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये काही माणसांनी त्याच्या घराचे दार ठोठावून त्यावर देशद्रोही म्हणणारे कागद चिकटवले. कागद दोन्ही बाजूंनी चालतो, तो असा. आणि जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या स्वतंत्र संस्थांना सरकारच्या मुठीत आणणारा कायदा एका दिवसात मंजूर होऊन सहीही झाली, तेव्हा युद्ध चालू असूनही तरुण मुले पुठ्ठ्यावर हाताने मजकूर लिहून रस्त्यावर आली. नऊ दिवसांत संसदेला तो कायदा फिरवावा लागला.

'उक्रायिन्स्का प्राव्दा' अजून निघते आहे. तिची किंमत मात्र गोंगाद्झेबरोबर चुकती झाली नाही. तिचा आणखी एक पत्रकार, पाव्हेल शेरेमेत, २० जुलै २०१६ च्या सकाळी कीव्हच्या रस्त्यावर मोटारीतल्या स्फोटात मारला गेला.

शेवटी लेस्याबाईंविषयी दोन शब्द. ताराश्चाचे ते प्रेत आपल्या मुलाचे आहे हे त्यांनी कधीच मान्य केले नाही. शासनाचे कागद त्यांच्यासमोर आले, परीक्षांचे अहवाल आले. माउलीचे म्हणणे एकच, की सगळे सत्य समोर आणा, मग मी पुरीन. २०१३ च्या नोव्हेंबरात त्या वारल्या. गोंगाद्झेला मूठमाती मिळाली ती २२ मार्च २०१६ रोजी, मरणानंतर साडेपंधरा वर्षांनी. तोवर सरकारे आली आणि गेली, आणि प्रत्येकाने न्यायाचे वचन दिले.

आबांचे रुमाल अजून आमच्या माळ्यावर आहेत. मुले विचारतात, हे काढून टाकायचे का? मी नाही म्हणतो.