काळ्या कातळातले स्फटिक

महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. लाव्हा निवताना त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे स्फटिक बनले. पण तो लवकर निवल्याने त्यांना वाढायला सवड मिळाली नाही. त्यामुळे ते बहुधा भिंगाखालीच ओळखू येतात.

याच कातळात सापडणारे मोठे, देखणे स्फटिक मात्र नंतरचे आहेत. लाव्हातील वाफ व इतर वायूंचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग घट्ट होऊ लागला की तिथेच अडकतात. दगडात पोकळ्या राहतात त्या अशा. काही पोकळ्या वाटाण्याएवढ्या असतात, तर काही हात-दोन हात रुंद.

पुढे भेगांतून झिरपणारे गरम पाणी बेसाल्टमधील ज्वालामुखी काच आणि फेल्डस्पार हळूहळू विरघळवते. सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम असे घटक पाण्यात उतरतात. पोकळीत पाणी निवले किंवा त्याचे रासायनिक स्वरूप बदलले की हे घटक पाण्यात मावेनासे होतात आणि भिंतीवर जमू लागतात. अणू ठरावीक मांडणीतच जोडले जातात, म्हणून स्फटिकाची पृष्ठे सपाट आणि त्यांमधील कोन ठरलेले असतात. घटकांचा पुरवठा संथ असेल आणि वाढीची केंद्रे मोजकी असतील, तर स्फटिक मोठे होतात. वाढ झपाट्याने झाली तर बारीक कणांचा थर बसतो. पैलू नीट उमटायला मोकळी जागाही लागते.

पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील दगडखाणींत अशी पोकळी फुटली की हा इतिहास उघड्यावर येतो. भिंतीला अनेकदा हिरवट मातकट खनिजाचा पातळ थर असतो. त्यावर गारगोटीचे बारीक स्फटिक, त्यावर पेंढीसारखे बांधलेले स्टिल्बाइट आणि त्याच्याही वर काचेसारखे स्वच्छ ॲपोफिलाइट दिसू शकते. जे वर बसले ते नंतरचे, हा साधा नियम. काही ठिकाणचे ॲपोफिलाइट तर लाव्हा निवल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी बनले आहे.

पाण्यातील अल्पसे घटक रंगही देतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील कॅव्हान्साइटचा गडद निळा रंग व्हॅनेडियममुळे आहे. अशी खनिजे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहता येतात. मात्र खाणीतून नमुना काढताना तो कोणत्या थरातला आणि कशावर वाढलेला, याची नोंद व्हायलाच हवी. ती नसेल तर स्फटिक हाती येतो, पण त्याच्या घडणीचा क्रम कायमचा हरवतो.